एरिकची सत्तावीस माणसं

४ मार्च २०२४

एरिक गेला. युक्रेनला, लढायला! नॉर्वेचा आमचा जावई, अकरा वर्षं इथे जर्मनीत, हेर्त्सोगेनआउराखमध्ये इंजिनिअर, पाच वर्षांची मुलगी घरात — आणि स्वतःहून दुसऱ्यांच्या युद्धात. तरुणपणी तिकडच्या सैन्यात होता, म्हणून उपयोगी पडेन म्हणतो. लेकीला, सुकन्याला विचारलं, अडवलं का नाहीस? म्हणाली, त्याने विचारलं होतं, मी हो म्हटलं.

एर्लांगनच्या बानहोफवर, गाडी सुटायच्या आधी, तो पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतला.

२२ एप्रिल

त्याच्या तुकडीत सगळे नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्कचे. बरेचसे त्याच्यासारखे जर्मनीत राहणारे — सुतार, ट्रकवाले, एक दातांचा डॉक्टरसुद्धा. एरिक लेफ्टनंट झाला. आवाज न चढवता माणसं ऐकतात म्हणे त्याचं. ह्यांनी इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर लगेच टाकलं. मी चिडले. मग कोणी कोणी अभिनंदन केलंय ते वाचत बसले.

९ जून

त्यांचा कॅप्टन गेला. आता एरिक कॅप्टन. ह्यांनी या वेळी कुठेच काही टाकलं नाही.

२ ऑगस्ट

नऊ दिवस फोन नाही. सुकन्या ऑफिसला जाते, येताना भाजी आणते. नात अन्वी जर्मनमध्ये विचारते, पपा कधी फोन करणार? मी मराठीत सांगते, उद्या. तो मागे घेतलेला पाय डोळ्यांपुढून हलत नाही.

६ ऑगस्ट

जिवंत आहे!

दुपारी पोळ्या करत होते. सुकन्या फोन कानाला लावून स्वयंपाकघरात आली आणि नुसती मान हलवत राहिली, हो की नाही तेच कळेना. कंबरेत आणि मांडीत लोखंडाचे तुकडे घुसलेत, पण पाय शाबूत. म्युनिकला आणणार आहेत. मी जमिनीवरच बसले. ह्यांनी गॅस बंद केला. तवा पार काळा झाला होता.

१८ ऑगस्ट

म्युनिकच्या क्रांकेनहाउसमध्ये, हॉस्पिटलात, त्याला भेटले. अर्धा झालाय. सुकन्या अन्वीला घेऊन खाली गेली तेव्हा त्याने सगळं सांगितलं.

पहाटे नदी ओलांडायचा हुकूम होता. आदल्या संध्याकाळी त्याने स्वतः काठाकाठाने सरपटत जाऊन पाहिलं — पलीकडे मशीनगना लावून शत्रू वाटच बघतोय. वर कळवलं. उत्तर आलं, ठरल्याप्रमाणे जा. त्याने माणसांना मागे फिरवलं. परतताना ड्रोनचा बॉम्ब पडला, लागला एकट्या त्यालाच. सत्तावीसच्या सत्तावीस सुखरूप. आणि त्याचं कॅप्टनपद गेलं. हुकूम मोडला म्हणून काढून टाकलं.

हे सांगताना त्याने तोंड भिंतीकडे केलं होतं. म्हणाला, "आई, मला लाज वाटते."

माझं जर्मन मोडकंतोडकं. तरी म्हटलं, "त्या सत्तावीस घरांत जाऊन विचार, कोणाला लाज वाटते का."

निघताना त्याच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं. हात थोडा वेळ तिथेच ठेवला.

१ सप्टेंबर

आता परत जाणं नाही. घेणारच नाहीत त्याला! माणसाला काढून टाकल्याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता. हे म्हणाले, ग्रुपवर काय टाकायचं? मी म्हटलं, टाका, जावई घरी येतोय.

२७ सप्टेंबर

एरिक घरी. कुबड्यांवर जिना चढला, मध्ये दोनदा थांबला. त्याच्या तुकडीतला माड्स नावाचा डॅनिश सुतार गाडी चालवत घेऊन आला होता. जेवायला बसवलं तर आमटी तीनदा घेतली. जाताना माझा हात दोन्ही हातांत धरून बराच वेळ उभा राहिला. नंतर ताटं घासताना मी चक्क गुणगुणत होते.

५ ऑक्टोबर

आज माड्सचा फोन आला. नदी ओलांडायचा तो हुकूम रद्द झालाच नव्हता. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या तुकडीला पाठवलं. एकोणीस जण. एकही परत आला नाही. एरिक सकाळपासून खोलीबाहेर आलेला नाही.

आणि मी? मला अजूनही सुटल्यासारखंच वाटतंय. हे कोणाला सांगणार.