हेरॉन्सचा खेळ संपेपर्यंत मासळी बंद

नेरूळ,
सप्टेंबरातला तिसरा मंगळवार

तीर्थस्वरूप गोटीरामदादास,
हसुरामचा साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा आता कसा आहे? गोजरावहिनींचा खोकला थांबला का? इकडे गावदेवीच्या कृपेने आम्ही ठीक आहोत. फोन केला असता, पण वहिनी फोन स्पीकरवर ठेवतात आणि आपलं बोलणं उरणच्या अर्ध्या आळीला ऐकू जातं. हे तुझ्यापुरतंच आहे, म्हणून पत्र.

प्रीतमने तुला सांगितलं म्हणे, की तू पाठवतोस ती सगळी मासळी त्याच्याच घरी जाते. खरं आहे. माझ्या मेहुण्याचं पोट श्रावणापासून शर्टाच्या बाहेर आलंय, ते तुझ्या जिताड्यांमुळे. त्यावरून तू वहिनींना म्हणालास, की हसुराम टॉवरमध्ये राहायला गेला आणि शेट झाला, त्याला आता खाडीचा वास येतो. दादा, मला तो वास येतो हे खरं, पण कसा येतो ते पुढे वाच.

आपली मनस्वी अमेरिकेत खेळाडूंना व्यायाम देते, हे तुला ठाऊक आहे. (तू सगळ्यांना ‘डॉक्टर’ सांगतोस, ते चालेल.) तिच्या संघाचं नाव हेरॉन्स, म्हणजे बगळे. खेळ बेसबॉल. हिवाळाभर तिच्याकडे एक उंच पोरगा होता, चेंडू टाकणारा, खांदा निकामी झालेला. आम्ही घरात त्याला लंबू म्हणतो. पोरीने त्याचा हात बोटाबोटाने उठवला. जुलैत त्याला मैदानात उतरवलं आणि लोकांनी त्याची पार धुलाई केली. मालक त्याला घरी पाठवणार असं बोलणं सुरू झालं. मनस्वी फोनवर रडली. तिला रडताना मी दहावीच्या निकालानंतर प्रथमच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी श्रावण लागला. मी देवळात गेलो आणि देवीला बोललो, आई, त्या पोराचा हात चालू दे, हेरॉन्सचा यंदाचा खेळ संपेपर्यंत मी मासळीला शिवणार नाही. आता देवीपुढे खोटं कसं बोलू? मनात थोडा हिशेब होता. हेरॉन्स तेव्हा सगळ्यांच्या खाली होते. सप्टेंबर संपला की खालच्यांचा खेळ संपतो. श्रावण आपण पाळतोच, वर महिनाभर जास्त. नवस स्वस्तात पडला असं वाटलं. देवीने तो मनावर घेतला.

त्या दिवसापासून लंबूचा हात चालू लागला, दादा, आणि त्याच्या मागोमाग सगळे बगळे उडाले.

हा खेळ तुला समजावणं सोपं आहे, कारण तू तो खेळला आहेस. आठव, भात कापल्यावर खाचरात आपण खेळायचो तो. एकाने चिंध्यांचा चेंडू टाकायचा, दुसऱ्याने दांड्याने मारायचा आणि पळायचं. आधी बाभळीला हात, मग मिठाच्या राशीला, मग बांधातून पाणी सोडायच्या उघाडीला, आणि शेवटी शाळेच्या पायरीला. पायरीला हात लागला तर एक, नाहीतर सगळी धाव फुकट. अगदी तोच खेळ आहे. फक्त ते लोक पायजमा घट्ट घालतात आणि फार थुंकतात. सामने मात्र इतके, की एप्रिलपासून रोज चालूच. रंजिता मला म्हणाली, एवढी भांडणं तर आपल्या संसारातपण होत नाहीत.

(आपलं खाचर होतं तिथे आता सीवूड्सच्या बाजूला गाड्यांचं तळघर आहे. मी कधी गाडी लावायला उतरलो की अंदाजाने उघाडीची जागा शोधतो. बहुतेक तिसऱ्या खांबापाशी असावी. तिथे कोणी नसलं तर हात लावून येतो.)

सामना आपल्याकडे पहाटे लागतो. मी अंघोळ करून, दिवा लावून फोन समोर ठेवतो. ऑक्टोबरात पुढे खेळणाऱ्या संघांची एक पंगत असते, तीत आता शेवटचं एकच पान उरलंय आणि त्यावर तीन संघ टपलेत. त्यामुळे उरलेल्या दोघांचेही सामने बघावे लागतात. ज्यांना मी जन्मात पाहिलं नाही, ज्यांनी माझं काही बिघडवलं नाही, त्या पोरांचा झेल सुटावा म्हणून मी हात जोडतो, आणि मग देवापुढे कान धरतो. या वयात हे पाप नवीनच लागलं.

एवढंच असतं तरी चाललं असतं. पण गौरीच्या दिवशी मनस्वीचा फोन आला. म्हणाली, बाबा, संघ हरला तर महिनाअखेरीस मला सुट्टी, दिवाळीला घरी येते. ते पान मिळालं तर ऑक्टोबरभर खेळ, मग दिवाळी नाही. दोन वर्षं झाली तिला येऊन. आपल्या रीतीप्रमाणे गौरीपुढे चिंबोऱ्यांचा नैवेद्य ठेवला होता. गौर माहेरी आलेली, आमची नाही. तो प्रसाद नाकारून मी गॅलरीत जाऊन बसलो. आपल्या कुळात असं करणारा मी पहिलाच असेन.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच चाललंय. मी एक मासा खाल्ला, एकच, तर नवस मोडेल, लंबूचा हात पडेल, आणि पोरगी घरी येईल.

आणि रंजितालाही हे कळलेलं आहे, हे मला परवा कळलं. तू पाठवलेल्या निवट्या आदल्या संध्याकाळी आल्या होत्या. सकाळी सात वाजता कोणी निवट्या तळत नाही, दादा, पण तिने तळल्या. सामना शेवटाला आलेला, हेरॉन्स एकाने पुढे. समोरच्यांचे तिघे बाभळीला, राशीला आणि उघाडीला उभे, आणि लंबूच्या हातात चेंडू. एक फटका बसला की दोघे तरी पायरीला पोचणार. रंजिताने ताट माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, “खा. एकच खा. पोरगी घरा येल.”

तो वास. त्यातून तुला एक आठवण करून देतो, की तूही एकदा उघाडीपर्यंत पोचून, चिखलात निवट्या दिसल्या म्हणून धरायला वाकला होतास, आणि करावे गावच्या पोरांनी आपल्याला हरवलं होतं. मी ताटावर हात नेला होता. तेवढ्यात पडद्यावर कडेच्या बाकावर मनस्वी दिसली. गळ्यातल्या ओळखपत्राची फीत चावत होती, लहानपणी निकालाच्या दिवशी वेणीची रिबीन चावायची तशी.

मी हात मागे घेतला. रंजिताही पडद्याकडे बघत राहिली. मग तिने ताट स्वतःकडे ओढलं आणि माझ्यासमोर बसून सगळ्या निवट्या खाल्ल्या. एकही ठेवली नाही. डोळ्यांत पाणी होतं, तिखट झालं असेल. तिकडे समोरचा गडी तीनदा दांडा फिरवून तीनदा चुकला आणि हेरॉन्स जिंकले. मनस्वीने बाकावरून उडी मारली. रंजिता बोटं चाटत म्हणाली, “जितली बय माजी,” आणि भांडी घासायला गेली. तीस वर्षं होत आली लग्नाला, पण या बाईच्या मनात काय चालतं ते मला कळत नाही. उपाशी नवऱ्यासमोर असं कोणी खातं का?

तर आता आम्ही त्या शेवटच्या पानावर अर्धे बसलोय. शेवटचे दहा-बारा दिवस उरलेत. वहिनींना नमस्कार, तुझ्या मिथुनला आशीर्वाद.

तुझा,
हसुराम

ता. क. लिहायचं होतं ते राहिलंच. तू देवीची पूजा करतोस, तिच्याशी तुझं बोलणं आहे. एकदा हळूच विचार, की सुकट मासळीत धरायची का? ती वाळलेली असते. जवळ्याचंही विचार.

ता. क. २. पत्ता रंजिता लिहील, तिचं अक्षर बरं आहे. पाकीटही तीच बंद करील.

भावोजी, पत्र मी वाचलं. मीपण श्रावणापासून मासळी सोडली होती, पोर दिवाळीला घरा यावी म्हणून. गौरीच्या चिंबोऱ्या नुसत्या रांधल्या, तोंडाला लावल्या नाहीत. प्रीतमचं पोट दोघांच्या वाटणीचं आहे. यांना ठाऊक नाही. परवा तिला बघितलं आणि माझा नवस मीच मोडला. देवीपुढे एक नारळ ठेवा आणि सांगा, माझं मागणं मागे घेतलं, यांचं ते राहू दे. आणि सुकट मासळीतच धरतात, हे यांना तुम्हीच कळवा.
— रंजिता