बिब्ब्याचा डाग

४ जून
खराडीतल्या आमच्या सोसायटीने चपलांना देशोधडीला लावलं आहे. दाराबाहेर पादत्राण दिसल्यास जप्ती, अशी सूचना लिफ्टमध्ये डकवली आहे. पादुका सिंहासनावर ठेवून राज्य चालवणाऱ्या देशात ही अवस्था. बाकी सर्व मंगल. अकोल्याहून बदलून आलेल्या वार्ताहराला एवढा वारा फुकट मिळतो, हेच नवल. पडदे लावताना सत्यशीला म्हणाली, "अहो, उजव्या तळपायाला काय लागलंय?" टाचेपाशी काळा ठिपका होता. तळपायी तीळ म्हणजे प्रवासयोग, असं शास्त्र मी सांगितलं. "योग आलाच आहे, तर खोकी उचला," म्हणाली.

१९ जुलै
ठिपका खुपतो. स्वयंपाकाच्या वेणूबाईंच्या मते काटा मोडलाय. त्यांनी बिब्बा सुईला टोचून दिव्यावर तापवला आणि टाचेला चटका दिला. "काटा जळून जातो, दादा. हाय काय अन् नाय काय." काटा नव्हताच, पण त्यांना नाही म्हणायला धीर लागतो.

११ सप्टेंबर
डाग चिंचोक्याएवढा झाला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी 'बिब्बा' एवढा शब्द ऐकला आणि टेबलापलीकडूनच निकाल दिला: बिब्ब्याचा डाग, जाईल हळूहळू. मी म्हणालो, डाग आधीचा, बिब्बा नंतरचा. मोजा काढायला वाकलो, तर "राहू द्या." प्रत्यक्ष हे पहिलं प्रमाण, असं आम्ही न्यायशास्त्रात शिकलो. यांचं अनुमानावर भागतं. डोळे मोबाइलसाठी राखून ठेवले आहेत.

२ नोव्हेंबर
पुन्हा गेलो. पुन्हा मोजा पायातच, वर मलम. डागाचा काठ आता फाटका, निळसर. आज फरशीवर रक्ताचे ठसे, एकाच पावलाचे, स्वयंपाकघरापर्यंत. सत्यशीला ते पुसत होती. एक टोमणा नाही. डॉक्टरांच्या नावाने मात्र मी खूप बोललो.

१४ नोव्हेंबर
त्वचेच्या डॉक्टर, स्पृहा. वयाने लहान. दोन्ही मोजे काढायला लावले, बोटांच्या बेचक्याही पाहिल्या. वरची मेलेली कातडी पात्याने खरवडली. बिब्ब्याचा चटका त्या कातडीबरोबर निघून गेला. खालचं काळं तसंच. मग दिव्याचं भिंग लावलं. तळव्यावरच्या रेषांच्या चरांत रंग असता तर बरं, म्हणाल्या. हा उंचवट्यांवर बसलाय. त्वचेचा दुर्मिळ कर्करोग वाटतो. तुकडा काढून तपासायचा. उशीर का केलात, असंही विचारलं. मला. उशीर मी केला म्हणे.
नंतर, पसरलाय का पाहायला, जांघेत बोटं फिरवली. डावीकडे झटकन. उजवीकडे थांबली — परत आली — थांबली.
जन्मभर लोकांना प्रश्न विचारले. हा एक नाही विचारला.

१५ नोव्हेंबर
कोपऱ्यावरच्या डॉक्टरांवर पेपरात लिहिणार आहे. नावानिशी. मोजा काढायला किती वेळ — माणूस समोर बसलाय, पाय समोर आहे, आणि तुम्ही —
सत्यशीला म्हणते, आधी जेवा.

१६ नोव्हेंबर
रागाचं राहू दे. पायाचीही भीती नाही, जाईल तर जाईल. भीती वेगळीच आहे. आज अंघोळीत उजव्या जांघेत मीच बोट ठेवलं. प्रत्यक्ष प्रमाण. वाटाण्याएवढं, टणक — आणि जरा वर, त्याच्या शेजारी, अजून