कोवळ्या पेशी

७ ऑगस्ट १९९५, सोमवार
पोचले एकदाची! साताऱ्याहून तीन गाड्या बदलल्या, पण तंजावूर पाहून शीण गेला. खोली राजवाड्यामागच्या गल्लीत. घरमालक वेंकटराव पोस्टातून निवृत्त झालेत. त्यांची बायको वरलक्ष्मीअम्मा. पिढ्यान्‌पिढ्या इथेच वाढलेले तंजावुरी मराठी; दोघं माझ्याशी मराठीतच बोलतात, शब्द पणजोबांच्या काळातले आणि हेल तमिळ. ऐकतच राहावंसं वाटतं. नर्सिंग होमच्या लॅबमध्ये सहा महिने उमेदवारी आहे. मायक्रोस्कोप जपानी, कोराकरकरीत! एसटीडी बूथवरून आईला कळवलं, मंगला मजेत आहे.

९ ऑगस्ट, बुधवार
ओरत्तनाडूचे रामस्वामी, सायकल दुकानवाले, पाय चिघळून आले होते. पुवाच्या स्लाइडवर माळेसारखे जंतू दिसले, स्ट्रेप्टोकॉकस. फार नव्हते. एवढ्याशा जंतूंनी धडधाकट माणूस कसा कोसळतो, असं मी नर्सिंग होमच्या डॉ. कल्याणरामना विचारलं. ते म्हणाले, जंतू नुसती ठिणगी टाकतात, आग शरीरच भडकवतं. जखमेपुरती असायची ती सूज रक्तातून सगळीकडे पसरते. रक्तवाहिन्या पाझरू लागतात, रक्तदाब पडतो, मूत्रपिंड आणि मेंदू उपाशी राहतात.
दुपारी रामस्वामी गेले.
त्यांची स्लाइड पुसताना काच तडकली आणि हातमोज्यातून बोटात घुसली. कोणाला बोलले नाही. पहिल्याच आठवड्यात धांदरट म्हणून शिक्का नको.

११ ऑगस्ट, शुक्रवार
बोट ठणकतंय. मनगटापासून कोपरापर्यंत लाल रेघ. ताप १०३. अम्मांना सांगितलं, भाजी चिरताना विळी लागली. त्यांनी हळद बांधली.
डॉ. कल्याणराम मद्रासला गेलेत, सोमवारी येणार. मी स्वतःचंच रक्त मोजलं. पांढऱ्या पेशी चोवीस हजार. काचेवर पाहिलं तर निम्म्या पेशी कोवळ्या, केंद्रकही अजून नीट न विभागलेलं, आत काळे दाणे. पूर्ण वाढलेल्या पेशी पुरेनात म्हणून हाडांच्या मज्जेतून अर्धवट घडलेल्या बाहेर ढकलल्यात.
परवा रामस्वामींचं रक्त तपासलं तेव्हा त्यातही हेच होतं.
अँटिबायोटिकच्या दोन कॅप्सूल घेतल्या. उद्या ड्यूटीवरच्या डॉक्टरांना खरं सांगेन. उमेदवारी गेली तर गेली.

१२ ऑगस्ट, शनिवार, सकाळी सात
ताप उतरला. ९६. अम्मा हरखल्या, रसम-भात करायला गेल्या. मी हसले.
पण हा उतार नाही. घाम गार आहे. नाडी १३०. नखं जांभळी. काल दुपारपासून लघवी नाही. शरीराला आता ताप आणणंही झेपत नाही, एवढंच.
उठले, पाय टेकेनात —

नऊ
अम्मा काहीतरी विचारतात. मी उत्तर देते ते भलतंच असावं, कारण त्या रडवेल्या होतात. मधेच त्या आई वाटल्या.
वेंकटराव फोन करून आले. ड्यूटीवरचे डॉक्टर म्हणाले म्हणे, मलेरियाच असणार, इंजेक्शन तयार ठेवतो, घेऊन या.
मलेरिया नाही. जीभ हलत नाही. हात अजून हलतो. म्हणून मोठ्या अक्षरांत —

विळी नव्हे. रामस्वामींची स्लाइड लागली. स्ट्रेप्टोकॉकस. पेनिसिलीन शिरेतून. सलाइन भराभर. आत्ता.

वही पुढे केली. अम्मांनी डोळ्यांजवळ नेली, मग उलटी धरली. वेंकटरावांना दाखवली. त्यांनीही नकारार्थी मान हलवली.
"बोलणं येतंय गं," अम्मा म्हणाल्या, "ही अक्षरं आम्हाला कोण शिकवलं? तमिळात लिही."
तमिळ — मला —
इंग्रजी. लिहिते. पी. मग ई. मग — त्या अक्षराला पाय किती —

ऑटो आला. दोघं काखेत धरतायत. वही अम्मा उशीखाली ठेवतायत — नको — बरोबर घ्या — तिथे कोणी वाचणारं —