बिजलीच्या छपराचे पैसे

लातूर, मंगळवार. डिसेंबर १९९३.

आज रशीदमामूंपुढं चांगलीच शोभा करून घेतली. बाबांच्या टांग्याच्या शेडमध्ये मी क्लास काढला, तेव्हापासून त्यांची घोडी बिजली मामूंच्या तबेल्यात असते. महिन्याच्या पैशात चारा, हरभऱ्याची चंदी, खरारा, नाल, छप्पर, सगळं आलं. पण भूकंपापासून ती छपराखाली पाय ठेवत नाही. उघड्यावरच उभी. म्हणून मी म्हणालो, "मग छपराचे पैसे तेवढे कमी करा, मामू." असं कसं आलं माझ्या तोंडून?

मामू चिडले न्हाईत. म्हणाले, "लई भ्यालीय हो सर ती. एकटी असली की थरथरते. म्हणून मी बी माझी बाज तिच्यापाशीच टाकलीय."

तरी गप्प बसलो का? न्हाई. "इतकं काय भ्यायचं? आता काही होत नसतं," म्हणालो. क्लासात पोरांना रोज हेच सांगतो, आणि आत बसवतो.

छपराचे पैसे!

आणि हे लिहायलोय अंगणात, बाजेवर बसून. आत उकडतंय, असं बायकोला सांगितलंय. तिनं आत्ता दुसरी रजई आणून दिली.