नाड्यांनी बांधलेलं प्लास्टर

अण्णा, आज बंगळूरला राजाजीनगरात तुमच्या कुबडीला हार घातला. तुमचा फोटोही होता, पण तो मागे भिंतीला टेकवून ठेवलेला. त्यात तुम्ही मोरपंखी झगा घालून, हात पसरून, चांगले दोन्ही पायांवर उभे आहात, म्हणून त्या म्हाताऱ्यांना त्याच्यात रस नव्हता. त्यांना कुबडी हवी होती. ती कुणीतरी इतकी वर्षं जपून ठेवली होती, पॉलिश करून आणली होती. खाली इडली-वड्याचं हॉटेल, वर छोटासा हॉल आणि त्यात जुन्या फ्रीस्टाइल कुस्तीचे जेवढे चाहते अजून जिना चढू शकतात तेवढे. फोनवर त्यांचा ग्रुप आहे, दिवसभर एकमेकांना जुनी पोस्टरं पाठवत बसतात. त्यांनी मला शोधून काढलं, तुमच्या रिंगणातल्या नावानं, ‘गरुडाची मुलगी’ म्हणून खुर्चीवर बसवलं, शाल घातली. शाल चांगली आहे, सांगायला हरकत नाही.

मी काही शालीसाठी गेले नव्हते. निघताना आई होसकोट्याच्या घरी अवरेच्या शेंगा सोलत बसली होती. आता तिला ऐकायला कमी येतं, डोळे मात्र शाबूत आहेत. मी कुठे निघाले हे तिला ठाऊक होतं. मान वर न करता म्हणाली, “एवढे लोक येणार म्हणतीस, तर एकदा सांगून ये. पाय मोडला नव्हता म्हणून. मी मरायच्या आत एकदा कुणीतरी चार लोकांत म्हणू दे.” एवढंच. तिनं जन्मात माझ्याकडे काही मागितलं नाही. मी म्हटलं, सांगते. आणि खरोखर सांगणारच होते. व्हाइटफील्डपर्यंत कॅब, पुढे मेट्रो, त्या सगळ्या वाटेत मी वाक्यं घोकत होते. तुमची अब्रू चारचौघांत काढायची म्हणजे वाक्य नीट बसवायला पाहिजे, अडखळून चालत नाही. हे तुमच्याकडूनच शिकले.

सुरुवातीला मजा आली, खोटं कशाला बोलू. एकेक म्हातारा उठायचा आणि आपला आवडता मल्ल उभा करायचा. कुणी त्या लठ्ठोबाची आठवण काढली, जो रिंगणात येण्याआधी पहिल्या रांगेतली लाकडी खुर्ची दातांनी उचलायचा. कुणी त्या गुलाबवाल्याची, जो बायकांकडे फुलं फेकायचा आणि मग पंचाच्या डोळ्यांत राख टाकायचा. आणि तुमचा तो मुखवटेवाला वैरी! त्याला चार माणसं शवपेटीतून आणायची, झाकण उघडलं की लहान मुलं किंचाळायची. त्याच्याबद्दल बोलताना एक आजोबा अजून आवाज खाली आणत होते. मला हसू आवरेना. तो मुखवटेवाला तुमच्याच तालमीतला, तुमच्याच गावाकडचा, आपल्याकडे येऊन भाकरी-पिठलं खाणारा. तुम्ही दोघं एका गाडीनं प्रवास करायचात, पण उतरताना वेगवेगळ्या डब्यांतून उतरायचात. रिंगणातलं वैर स्टेशनवरही पाळायचं, बाजारातही पाळायचं, हा तुमच्या धंद्याचा नेम. आई त्याला म्हणायची, खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे. तुम्हाला ते आवडायचं नाही.

मग कुबडीची गोष्ट निघाली. निघणारच होती. त्या शनिवारी मुखवटेवाल्यानं तुमच्या गुडघ्यावर खुर्ची घातली, तुम्ही स्ट्रेचरवरून गेलात, आणि महिनाभरानं बदल्याची कुस्ती जाहीर झाली. सगळं आधी ठरलेलं. पण मधला महिना तुम्हाला लंगडं राहायला हवं होतं, कारण आपण राहायचो त्या वठारात, एका अंगणाभोवतीच्या त्या सगळ्या बिऱ्हाडांत, कुस्ती न बघणारं माणूस नव्हतं. म्हणून ओळखीच्या कंपाउंडरानं तुम्हाला ते प्लास्टर करून दिलं. मागून उभं चिरलेलं, आणि चिरेच्या दोन्ही बाजूंना नाड्या. दार लावलं की तुम्ही ते काढून कोपऱ्यात उभं करायचात आणि बैठका मारायचात, फरशी हलायची. दार वाजलं की आई धावत यायची, तुमच्यापुढे गुडघे टेकून बसायची आणि नाड्या बांधायची. तिला तेव्हा सातवा महिना होता. पोट आड यायचं, म्हणून ती एका अंगावर रेलून बांधायची. तुम्ही वरून म्हणायचात, “घट्ट बांध, सैल दिसतंय.” मी सात वर्षांची होते आणि मला वाटायचं सगळ्यांच्या अण्णांचे पाय असेच निघत असतील.

लोक येत राहिले. मोसंबी घेऊन, अंडी घेऊन, देवाचा अंगारा घेऊन. तुम्ही वरच्या मजल्याच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत, पाय स्टुलावर, आणि भोवती दरबार. प्रत्येकाला कॉफी. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी आईची गत. नळ खाली अंगणात होता. एरवी बंगळूरला आल्यापासून पाणी तुम्हीच भरायचात, दोन घागरी दोन हातांत, जिना न मोजता. त्या महिन्यात कसे भरणार? तुमचा पाय मोडला होता ना.

त्या सकाळी मी तुमच्या स्टुलापाशी बसले होते. प्लास्टरवर कुणीतरी पेन्सिलीनं गरुड काढला होता, त्याचे पंख मी गिरवत होते. आई घागर घेऊन वर येतेय हे तिच्या बांगड्यांवरून कळतं. मग घागरीचा आवाज, आणि मग तिचा. जिना तुमच्या खुर्चीपासून हाताच्या अंतरावर आहे. तुम्ही खुर्चीच्या हातांवर भार देऊन अर्धे उठता, मी बघतेय, स्टुलावरचा पाय खाली येतो आणि माझ्या हातातली पेन्सिल मोडते. मग तुम्ही समोर बसलेल्या माणसांकडे बघता. आणि परत बसता. पाय परत स्टुलावर. “अरे, कुणीतरी बघा रे,” तुम्ही म्हणता. आवाज मात्र खरा होता, अण्णा. शंभर किलोचा माणूस डोक्यावर तोलणारे तुम्ही. समोर बसलेल्यांपैकी खालच्या खोलीतल्या शेजारच्या मामांनी, त्या पोरसवद्या किडकिडीत माणसानं, आईला कसंबसं उचललं. ते दोनदा भिंतीला आपटले, आणि आईही आपटली. रिक्षा मिळेपर्यंत ती अंगणात नळापाशी पडून होती. तुम्ही वरून कठड्याला धरून बघत होतात. एका पायावर उभे राहून.

मुलगा होता. दवाखान्यात तुम्ही तिसऱ्या दिवशी आलात, कुबड्या घेऊन, आणि बाहेर हीऽ गर्दी. नर्सनं पळत जाऊन वॉर्डातली एकुलती एक खुर्ची तुम्हाला दिली. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती हळूच म्हणाली, “इथं तरी नीट चाला हो. माझ्यापुरतं.” पुढच्या खाटेवरची बाई तुमच्याकडे टक लावून बघत होती. तुम्ही आईच्या कानाशी वाकलात आणि म्हणालात, “लोक आहेत.” मी पायथ्याशी उभी होते, मी ऐकलं. पुढे कितीतरी वर्षं आई पोळी जळली तरी, ताप आला तरी, तुम्ही काही विचारलंत तरी एवढंच म्हणायची, लोक आहेत. तुम्ही ताटावरून उठून जायचात. तुम्हाला वाटायचं तिला डोकं राहिलं नाही. डोकं तिचं उत्तम होतं, अजून आहे.

आणि बदल्याच्या कुस्तीच्या आधी, हे मला आजही गिळता येत नाही, भोंग्यावरून सांगितलं गेलं की या मोडलेल्या पायापायी आमच्या गरुडानं आपला होणारा मुलगा गमावला. स्टेडियमभर हुंदके. कुणी सांगितलं त्या माणसाला? आई तर नव्हे. तुम्ही झगा घालून मान खाली घालून उभे होतात. मग कुबडी फेकलीत, मुखवटेवाल्याला डोक्यावर उचललंत आणि लोक खुर्च्यांवर चढून रडले. तो झगा आईनं आपल्या लग्नाचा शालू फाडून शिवला होता.

तर हीच गोष्ट आज हॉलमध्ये चार जणांनी चार वेळा सांगितली आणि प्रत्येक वेळी शेवटी डोळे पुसले. मी वाट बघत होते. माझ्या शेजारी ते खालच्या खोलीतले मामा बसले होते. ऐंशीच्या वर गेलेत, हातात काठी, ओळखू येणार नाहीत. त्यांनी मला ओळखलं. “पुट्टी,” म्हणाले, मी लहान असताना म्हणायचे तसंच, “स्वल्प इकडं सरक की. एक सांगतो, रागावू नको.” मी सरकले. “आम्हाला सगळं गोत्तु होतं गं, ठाऊक होतं. कुस्ती म्हणजे नाटक, पंच मिळालेला, रक्त म्हणजे कपाळाला ब्लेड. तुझ्या अण्णांचा पायपण नाटकच, असंच आम्ही धरून होतो. मोसंबी घेऊन येत होतो ते गंमत बघायला. खाली उतरलो की हसत होतो आम्ही.” मला वाटलं, चला, माझं काम यांनीच केलं. पण ते थांबले नाहीत. “मग तुझी आई पडली. आणि ते उठले नाहीत. तेव्हा मी समजलो, पुट्टी, पाय खरंच मोडलाय. त्याशिवाय कुठला माणूस बसून राहील? जनावर असतं तरी उठलं असतं. रिक्षात बसून मी रडत होतो, ह्या देवमाणसावर आपण संशय घेतला म्हणून. सगळ्या वठाराला मीच सांगितलो. त्यानंतर कोण हसलं नाही.” त्यांनी समोरच्या कुबडीकडे बोट केलं. “ती मीच जपून ठेवली.”

कळलं का, अण्णा? तुम्ही ज्यांच्यासाठी बसून राहिलात त्यांना ठाऊक होतं. तुम्ही उठला असतात, धावला असतात, तर ते फार तर खाली जाऊन आणखी थोडं हसले असते. कुस्ती बघायला तरीही आले असते. तुमचं सोंग कधीच कुणाला पटलं नव्हतं. ते पटवायला माझा भाऊ लागला.

मग माझं नाव पुकारलं. मी उठले. वाक्य तयार होतं, माझ्या अण्णांचा पाय मोडला नव्हता, एवढं साधं. माईक हातात आला, मी म्हटलं, “माझ्या आईचा एक निरोप आहे.” सगळे म्हातारे पुढे झुकले. मामांनी काठीवर हनुवटी टेकली. अशी शांतता मी आयुष्यात कधी अनुभवली नव्हती, बँकेत इतकी वर्षं बोलले, घरात बोलले, कोण गप्प बसून ऐकतं? आणि मी म्हटलं, “आई म्हणते, पाय एका ठिकाणी नाही, दोन ठिकाणी मोडला होता. अण्णांनी ते कुणाला कळू दिलं नाही.”

मामांची कीव आली म्हणून म्हटलं असं समजू नका. कीव नव्हती आली. तुमची तर नाहीच नाही. तुम्हाला मी माफ केलेलं नाही, करणार नाही, हे वाचायला तुम्ही असतात तर दोनदा लिहिलं असतं.

घरी आले तर आई जागच्या जागी, शेंगांची सालं पुढ्यात. “सांगितलीस?” म्हणाली. मी तिच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, सांगितलं. “काय म्हणाले?” गप्प बसले सगळे, मी म्हटलं. ती बराच वेळ सालांवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, “बसू देत गप्प.” आणि किती वर्षांनी, अण्णा, ती पोटभर जेवली, वरून हॉलमधून दिलेला म्हैसूरपाकही खाल्ला, आणि देवापुढे दिवा लावून शांतपणे पडली. आता आत झोपली आहे. तिला अजून चांगलं वाचता येतं, म्हणून उद्या सकाळी या कागदांतच सालं गुंडाळून बाहेर टाकायची आहेत.

एक राहिलं. माझ्या त्या वाक्यावर सगळे उभे राहिले, ज्यांना उठता येत नव्हतं तेसुद्धा एकमेकांना धरून उठले, आणि टाळ्या थांबेनात. मी माईक खाली ठेवला नाही. मला फार बरं वाटत होतं.