पुसलं तरी न जाणारं सॉफ्टवेअर

चामोर्शी, मंगळवार, दिवेलागणीनंतर

मंदिराच्या हिशेबाचा कंप्युटर मी फॉर्मॅट करू दिला नाही. भाऊजींना राग आला तर येऊ दे.

हिशेबाचं सॉफ्टवेअर लिनक्सवर त्यांनीच सोर्सपासून, म्हणजे मूळ कोडावरून, कंपाइल करून बसवलं होतं. त्यात मराठी अक्षरं फुटतात, म्हणून मी त्याचं फोल्डर पुसलं. तरी ते उघडायचंच! भाऊजी म्हणाले, "वयनी, फॉर्मॅट मारा, सब साफ." आणि मंदिराचा जमाखर्च? तोही साफ? "उंदरासाठी कोठी जाळू काय?" म्हटलं.

मग नागपूरला लेकीला फोन लावला. "व आई, फोल्डरात नुसता सोर्स होता. फायली तं कवाच्याच सिस्टमभर गेल्या. कोणती फाइल कुठं गेली ते त्या सोर्सलाच ठावं. तोच सोर्स आण, तसाच पुन्हा बसव, मंग 'मेक अनइन्स्टॉल' ही काढायची कमांड दे."

काढायचं म्हणून आधी बसवायचं? हसूच आलं. पण उत्तरपूजेशिवाय गणपती तरी कुठं हलवतो आपण? मी तर मूर्ती तशीच ठेवून पोथीच बुडवली होती!

तसंच केलं. गेलं एकदाचं, जमाखर्च जागेवर. भाऊजी म्हणाले, "नशीब तुमचं."

"नशीब नाई, भाऊजी. यापुढं काढायचं कसं ते आधी सांगा, मंगच बसवा."