दोन हजार चारशे मीटर खोलीवरचा मनूसोस

इराक्लिओ,
बुधवार, सकाळचे दहा

तीर्थस्वरूप मनूसोसमामांच्या सेवेशी,

आपली भाची रोदान्थी समुद्रकाठच्या प्रयोगशाळेतून आपल्याला वाकून नमस्कार करते. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. फक्त एक जण बेपत्ता आहे, त्याविषयी पुढे सविस्तर येईलच. आपला डावा गुडघा कसा आहे? मधमाश्यांच्या पेट्या वरच्या उतारावर हलवल्यात, की अजून शेजाऱ्याच्या बोकडाची भीती आहे? आपण फोन उचलत नाही याबद्दल माझी मुळीच तक्रार नाही. फोन वाजला म्हणजे कोणीतरी गेले, आणि आपण उचलल्याने गेलेला माणूस परत येत नाही, हे आपले म्हणणे तर्काला धरून आहे. म्हणूनच हे पत्र. आज दीडच्या बसने मामी गावी परतत आहेत. त्याच बसच्या चालकाच्या हाती हे देईन. मामींच्या हाती देत नाही, कारण पत्र मामींविषयीच आहे.

प्रथम आनंदाची बातमी. मामींची नवी कवळी उत्तम बसली आहे. दंतवैद्यांनी सोमवारी ती बसवली आणि मंगळवारी सकाळी मामींनी तिने एक अख्खा वाळवलेला पाव पाण्यात न भिजवता फोडला. (ही कवळी पुढे फार महत्त्वाची ठरते, कृपया ध्यानात असावी.)

कोणताही विषय मुळापासून मांडल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, हा माझा दोष आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे, तेव्हा तो आपण याही वेळी पोटात घालावा. आपल्या बेटाच्या दक्षिणेला समुद्राचा तळ एकाएकी खचत जातो. तिथून, दोन हजार चारशे मीटर खोलीवरून, आमच्या जहाजाने गेल्या वर्षी गाळ वर आणला. हा गाळ लोण्यासारखा मऊ असतो आणि दिसायला इतका निर्जीव, की सिफिसने (हा माझा सहकारी, माणूस भला, पण घाईचा) पहिल्याच दिवशी विचारले, "यात आहे काय? भिंत लिंपायला न्यायचंय का?" परंतु मामा, तो गाळ केसापेक्षाही बारीक छिद्रांच्या चाळणीतून धुतला, की मूठभर चिखलातून शेकडो गोलकृमी निघतात! लांबी एक मिलिमीटरही नाही, जाडी कोळ्याच्या धाग्याएवढी. डोळे नाहीत, पाय नाहीत, आणि तरीही प्रत्येकाच्या डोक्यावर मोजून मांडलेले ताठ केस आणि दोन बाजूंना कोरल्यासारखी दोन वेटोळी. हे कृमी चिमट्याने उचलता येत नाहीत. काडीच्या टोकाला पापणीचा एक केस चिकटवतात आणि त्याने एकेकाला ग्लिसरीनच्या थेंबात अलगद ठेवतात. गेली सात वर्षे मी हेच करते आहे, आणि अजूनही रोज सकाळी भिंगाला डोळा लावताना लग्नघरात शिरल्यासारखे वाटते.

मार्चमध्ये मला या गाळात एक अशी जात सापडली, जिचे वर्णन आजवर कोणीही केलेले नाही. अकरा माद्या आणि एक नर. आता नराचे महत्त्व सांगते. या मंडळींत माद्या सगळ्या एकीसारख्या एक दिसतात. जात ओळखायची ती नरावरून. त्याच्या शेपटीच्या जरा वर, पोटाच्या बाजूला, दोन वाकडे विळे असतात, आणि प्रत्येक जातीच्या विळ्यांचा बाक निराळा. ते विळे मोजावे लागतात, रेखाटावे लागतात, आणि ज्या नरावरून ते रेखाटले तो नर काचपट्टीवर बंद करून संग्रहालयात कायमचा ठेवावा लागतो. नर नाही, तर वर्णन नाही. वर्णन नाही, तर जात नाही. आणि जात नाही, तर नाव नाही.

नावाचा विषय निघालाच आहे, तर तोही मुळापासून मांडते. गेल्या सप्टेंबरात आपल्या थोरल्या नातवाचा बाप्तिस्मा झाला आणि पाद्रीबाबांनी खणखणीत आवाजात 'ओरेस्तिस' असे उच्चारले, तेव्हा आपण ज्या रीतीने टोपी घातलीत आणि देवळाबाहेर चालते झालात, ते सर्व गावाने पाहिले. थोरल्या नातवाला आजोबांचे नाव द्यायचे, हे आपल्याकडे दुधात साखर घालण्याइतके ठरलेले. ते आपल्याच सुनेने मोडले. तेव्हापासून आपण त्या बाळाला 'तो लहान गृहस्थ' म्हणता. म्हणून ईस्टरला, चौकातल्या कॉफीच्या दुकानात, मी आपल्यापुढे प्रस्ताव ठेवला, की माझ्या नव्या जातीला आपले नाव द्यावे. आपण संतापलात. "माझं नाव जंताला? त्यापेक्षा गाढवाला दे की पोरी, निदान लाकडं तरी वाहील!" त्यावर पलीकडच्या टेबलावरून कोणीतरी बोलले, "घे रे मनूसोस, तुझ्या सुनेपेक्षा जंत बरा!" मग मी आपल्याला चाळीस मिनिटे नीट समजावले (त्या दरम्यान दुकानातले दोघे झोपी गेले), की हे नाव एकदा नियमाप्रमाणे छापले गेले, की ते कोणतीही सून, कोणताही पाद्री, कोणतेही सरकार बदलू शकत नाही. आपण बराच वेळ कप फिरवत राहिलात. नंतर हळूच विचारलेत, "नर आहे ना पण?" मी म्हटले, आहे. तेव्हा आपण माझ्या कॉफीचे पैसे दिलेत. मामा, त्या क्षणापासून तो नर माझ्यासाठी नुसता नर राहिला नाही.

आता कालची हकिगत.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता मामी प्रयोगशाळेत आल्या. काळा पोशाख, डोक्याला काळा रुमाल, हातात चीजच्या पुऱ्यांचा डबा. "मनूसोस कुठाय? दाखव मला," त्या दारातूनच म्हणाल्या, आणि सिफिसने पटकन मागे वळून पाहिले, कारण त्याला वाटले आपणच आला आहात. त्या वेळी नर काचपट्टीवर उघड्या थेंबात होता. वरची काच मी मुद्दाम काढली होती, कारण त्याची डावी बाजू रेखाटून झाली होती आणि उजवीसाठी त्याला कूस बदलायला लावायचे होते. वास्तविक अशा वेळी पाहुण्यांना आत घेऊ नये, असा लेखी नियम आहे. (तो मीच लिहिला आहे.) पण सख्खी मामी म्हणजे पाहुणी नव्हे.

मामींनी आधी नुसत्या डोळ्यांनी पाहिले. "कुठाय? हा? अगं, हा तर काचेवरचा चरा आहे! ह्याच्यासाठी तुला सरकार पगार देतं?" मग मी त्यांना भिंगातून बघायला लावले. मामी गप्प झाल्या. चाळीस वर्षांत आपण त्यांना कधी एवढा वेळ गप्प पाहिले नसेल. अखेर म्हणाल्या, "अगं बाई! काय देखणा आहे गं! कसा चकाकतोय! आणि ते दोन विळे बघ, अगदी तरुणपणीच्या तुझ्या मामाच्या मिशा!" एवढे बोलून त्यांनी भिंगावरून डोके उचलले, थेट काचपट्टीवर वाकल्या, आणि आपल्या घरात कोणत्याही देखण्या बाळाला, कोकराला वा नवरीला जे करतात तेच केले. दृष्ट लागू नये म्हणून तीनदा थुंकल्यासारखे केले. फ्तू, फ्तू, फ्तू.

एरवी यात थुंकी नसते, नुसता आवाज असतो, हे शास्त्रीयदृष्ट्या मान्य करायला हवे. परंतु कवळी नवी. मामींना तिच्यातून हवा किती जोराने बाहेर पडते याचा अंदाज नव्हता. पहिल्या फ्तूला थेंब हलला. दुसऱ्याला तो काठाशी गेला. तिसऱ्याला कवळी सुटली, मामींनी ती हवेतच झेलली (वाखाणण्याजोगी चपळाई!), आणि जेव्हा मी काचपट्टीकडे पाहिले, तेव्हा ती धुतल्यासारखी स्वच्छ होती.

मी ओरडले, "कोणीही हलू नका! श्वास घेऊ नका!" सिफिसने पंखा बंद केला आणि स्वतः पुतळा झाला. पुढचे पाच तास आम्ही अत्यंत पद्धतशीरपणे शोध घेतला. फरशीवर दोरी ताणून चौकोन आखले. टेबल गाळलेल्या पाण्याने धुतले, ते पाणी चाळले, आणि चाळणीत जे आले त्याची यादी केली: पाइनचे परागकण, पावाचा चुरा, मांजराचा एक केस, सिफिसच्या दाढीचे तीन, पुरीचे चीज. चार वाजता सिफिसने किंकाळी फोडली, "सापडला! रोदान्थी, सापडला!" आम्ही दोघांनी एकमेकांना मिठी मारली, नाचलो, त्याने मला उचलून धरले. मग भिंगातून पाहिले. तो खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीतल्या मातीचा कृमी होता. शिवाय मादी.

या सगळ्या वेळात मामी स्टुलावर बसून रडत होत्या. "पोराला मारलं मी! माणसाचं नाव थुंकून घालवलं! आता घरी कोणत्या तोंडाने जाऊ?" सिफिस भला माणूस, पण घाईचा, हे मी वर नमूद केलेच आहे. त्याने अकरांपैकी एक मादी भिंगाखाली सरकवली आणि म्हणाला, "मावशी, हा बघा, सापडला, ठणठणीत आहे!" मामींनी डोळे पुसले, वाकून पाहिले आणि लगेच विचारले, "विळे कुठायत?" सिफिस म्हणाला, "घाबरलाय हो, आत ओढून घेतलेत." (हे तत्त्वतः शक्य आहे.) मामी हसल्या. आणि संध्याकाळी उरलेल्या पुऱ्या खाताना आम्हा दोघांनाही मान वर करवेना.

तर मामा, खरी परिस्थिती ही अशी आहे. मामींना काही सांगू नका, त्यांच्यावर रागावू नका. नाव लांबणीवर पडले आहे, एवढेच समजा. पुन्हा जहाज जाईल, पुन्हा गाळ येईल. बहुधा तीन वर्षांनी. तेवढी वर्षे आपण गुडघ्याची काळजी घ्यावी, ही विनंती.

आपली आज्ञाधारक,
रोदान्थी

ता. क. (दुपारचे बारा वाजून दहा मिनिटे.) मामा! सबंध खोलीतली एकच वस्तू आम्ही चाळलेली नाही: मामींच्या डोक्यावरचा रुमाल. त्या वाकल्या तेव्हा त्याच्या गाठीची टोके काचपट्टीवर लोळत होती. ग्लिसरीन वाळत नाही, चिकटून राहते. म्हणजे नर तिथे सुखरूप असण्याचा पूर्ण संभव आहे! रुमाल मागून घेता येत नाही, कारण अधिकृतरीत्या नर सापडलेला आहे. तरी मामी बसमधून उतरताच तो रुमाल आपण सोडवून घ्यावा. निमित्त आपणच शोधा. लग्नाला चाळीस वर्षे झालेल्या नवऱ्याने असे करणे संशयास्पद दिसेल, पण विज्ञानाला इलाज नाही.

दुसरा ता. क. (बसस्थानक, एक वाजून बावीस मिनिटे.) सोबत चाळणी व बाटली देत आहे. कृती अशी. पहिले, रुमाल झटकू नये. दुसरे, तो परातीत पसरून गाळलेल्या पाण्याने गाठीकडून सावकाश भिजवावा. तिसरे, ते पाणी चाळणीतून जाऊ द्यावे, घाई करू नये. चौथे, चाळणीवर जे उरेल ते घरी गाळलेल्या राकी दारूत

तिसरा ता. क. (तेच बसस्थानक, एक पन्नास.) मी चौथा मुद्दा लिहीत असतानाच बस सुटली. चालकाने दोनदा भोंगा वाजवला होता. मी एक बोट वर करून थांबायला सांगितले आणि योग्य क्रियापद शोधत राहिले. मग धावले. चाळणी हातात, पत्र दातांत, डोळ्यांत पाणी. मामींनी खिडकीतून ते पाहिले आणि त्यांना वाटले, भाचीला निरोप सोसवत नाही. त्यांनी डोक्यावरचा रुमाल सोडला, हात लांबवून खिडकीबाहेर धरला आणि बंदराच्या वळणापर्यंत माझ्याकडे बघत फडकावत राहिल्या. इतक्या मायेने मला आजवर कोणीही निरोप दिलेला नाही.

तेव्हा वरच्या सर्व सूचना रद्द समजाव्यात. हे पत्र तीनच्या बसने पाठवते आहे. आपण पाचच्या बसने इकडे निघून यावे. हजार माश्यांत राणी हुडकणारे आपले डोळे मला हवे आहेत. गुडघ्यासाठी उशी मी आणते. सिफिसने फलाट क्रमांक पाच झाडून दोन पोती धूळ भरली आहे, आणि आता तो रस्त्यावर उभा राहून गाड्यांना वळसा घालायला लावतो आहे. मामा, आपले नाव फलाटापासून बंदराच्या वळणापर्यंत कुठेतरी पडलेले आहे. अंतर तीनशे मीटर. उद्या सकाळी सहाला रस्ता धुणारी गाडी येते.